भातखाचरातले तण आणि औषधाचा दिवस



आपल्या खारेपाटणच्या बाजूला श्रावण लागला की एक तक्रार हमखास कानावर येते. "औषध मारलंय, पण गवात काय मराक नाय." मग दुकानदाराला बोल लागतो, कंपनीला शिव्या बसतात आणि पुढच्या साली "ह्येच्यात काय राम नाय" म्हणून पंप माळ्यावर जातो. औषध कधी बनावट निघतही असेल; पण बहुतेक वेळा औषध चांगले असते, मापही बरोबर असते, चुकलेला असतो तो दिवस. भाताच्या तणावर जी औषधे आपण लावणीच्या सुमारास वापरतो, त्यांचे सारे यश तीन-चार दिवसांच्या आत-बाहेर ठरते. आज मी त्या दिवसांविषयीच बोलणार आहे.

हा विषय आता का निघतो, हे तुम्हांला सांगायला नको. बेणणीला माणसे मिळत नाहीत. घरातले तरुण मुंबईला. चाकरमानी येतो तो गणपतीला, लावणी-बेणणीला नाही. मागे राहतात वडीलधारी माणसे आणि बायका. चार-पाच आठवडे वाकून गवत उपटायचे काम त्यांच्याच पाठीवर पडते. भाताला तणाची खरी झळ लागते ती लावणीनंतरच्या पहिल्या तीस-चाळीस दिवसांत, आणि नेमके त्याच दिवसांत हात अपुरे असतात. हात मिळेपर्यंत सावा जातीच्या गवताने खत खाऊन टाकलेले असते. नंतर केलेली बेणणी खाचर स्वच्छ दाखवते, पण गेलेले फुटवे परत येत नाहीत. म्हणून बरीच मंडळी औषधाकडे वळली आहेत. वळली त्याबद्दल माझे म्हणणे नाही. वळायचेच तर ते समजून वळावे, एवढेच.

ह्या औषधांना उगवणीपूर्व तणनाशके म्हणतात. नावातच सारे आले. प्रेटिलाक्लोर, ब्युटाक्लोर ही त्यांतली आपल्याकडे ओळखीची नावे. ही औषधे उभ्या गवतावर पडून ते जाळत नाहीत. पाण्यातून खाली बसून चिखलाच्या वरच्या पापुद्र्यात ती एक पातळ थर धरतात. गवताचे बी त्या पापुद्र्यातच असते. ते फुगते, कोंब वर काढते. कोंब थरातून वर येताना औषध शोषतो आणि तिथेच खुंटतो. दोन पाने फुटून गवत पाण्याच्या वर डोके काढून उभे राहिले की त्याच औषधाचे त्याच्यापुढे फारसे चालत नाही. मग भाताचा तरवा का मरत नाही? कारण तो एकवीस ते पंचवीस दिवसांचा झालेला असतो, त्याचा कोंब केव्हाच वर आलेला आणि मुळे थराच्या खाली चिखलात. वयाचा हा फरक आहे तोवरच औषध आपल्या बाजूचे. तणाचे वय वाढले की फरक संपला.

आता तणाचे वय मोजायचे कुठून? इथेच घोटाळा होतो. आपण म्हणतो, "लावणी आटोपली की मारू." पण आपली लावणी एका दिवसात आटोपते का? समजा, तुमचे बारा कोपरे आहेत, काही व्हाळाच्या कडेला, काही वरच्या अंगाला. आर्द्रा सरताना पहिला कोपरा लावला, मग पाऊस ओसरला, मग शेजाऱ्याचा पॉवर टिलर मिळाला नाही, आणि बारावा कोपरा लावला तेव्हा पुनर्वसू निम्मे गेले. मधे बारा-तेरा दिवस लोटले. तुम्ही एका सकाळी पंप पाठीला लावून बाराही कोपरे फवारलेत. शेवटच्या तीन-चार कोपऱ्यांत औषध सुरेख लागेल. पहिल्या पाच-सहांत गवत केव्हाच दोन-तीन पानांवर गेलेले. तिथे औषध म्हणजे पैसे व्हाळात. आणि श्रावणात तुम्हांला नेमके तेच कोपरे दिसतील नि तुम्ही म्हणाल, औषध वाईट.

तेव्हा दिवस मोजायचा तो प्रत्येक कोपऱ्याचा निराळा. लावणीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत त्या कोपऱ्यात औषध पडले पाहिजे. ह्यात आणखी एक बारकावा आहे. तणाचे घड्याळ लावणीने सुरू होत नाही, शेवटच्या चिखलणीने होते. फळी फिरवून चिखल सपाट केलात की वर आलेले बी कामाला लागते. चिखलणी केली आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लावलेत तर दोन्ही हिशेब जुळतात. पण चिखलणी करून ठेवली, माणसे आली नाहीत, आणि तीन-चार दिवसांनी लावणी झाली, तर लावणीपासून पाच दिवस मोजणारा माणूस खरे म्हणजे आठ-नऊ दिवसांच्या तणावर फवारत असतो. अशा वेळी लावण्यापूर्वी पुन्हा एकदा चिखल ढवळून फळी फिरवावी. उगवू लागलेले गवत गाडले जाते आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

घरच्या भिंतीवरचे कॅलेंडर ह्या कामाला उत्तम. ज्या दिवशी जो कोपरा चिखलला त्या चौकटीत त्याचे नाव लिहा. आपल्या प्रत्येक कोपऱ्याला नाव असतेच, आंब्याखालचा, देवळाकडचा, लांबोळा. चौथ्या दिवसाच्या चौकटीत तेच नाव पुन्हा लिहा. तो औषधाचा दिवस. मग दोन-तीन कोपऱ्यांना एकेका सकाळी पंप फिरवायचा. त्रास वाटेल, पण एका दिवसात बारा कोपरे फवारण्यापेक्षा हे सोपेच पडते.

मापाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते डब्यावर लिहिलेले असते, मात्र हेक्टरी असते नि आपले कोपरे असतात गुंठ्यांचे. हेक्टर म्हणजे ढोबळमानाने शंभर गुंठे. प्रेटिलाक्लोर पन्नास टक्के तीव्रतेचे असेल तर हेक्टरी दीड लिटर, म्हणजे गुंठ्याला १५ मिलिलिटर. ब्युटाक्लोर पन्नास टक्क्यांचे असेल तर हेक्टरी ३ लिटर, म्हणजे गुंठ्याला ३० मिलिलिटर. पाणी हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे गुंठ्याला पाच. पंधरा लिटरचा एक पंप तीन गुंठ्यांना पुरला पाहिजे. दोन गुंठ्यांतच संपला तर तुम्ही सावकाश चालता आहात आणि औषध जास्त पडते आहे. औषध जास्त पडले की भातही पिवळट होऊन खुंटतो. पंप नसेल तर औषध गुंठ्याला अर्धा किलो कोरड्या वाळूत चोळून, हातमोजा घालून सारखे फेकावे. पाणी साचलेल्या कोपऱ्यात ते पाण्याबरोबर पसरते. कोरड्या उंचवट्यावर मात्र पसरत नाही. तिथे गवत राहणार, म्हणून चिखलणीच्या वेळी सपाटीकडे लक्ष द्यायचे. केंद्र सरकारने २०२० साली २७ शेती-औषधांवर बंदीचा जो मसुदा काढला, त्यात ब्युटाक्लोरचे नाव होते. म्हणून दुकानात जाल तेव्हा मागच्या सालच्या डब्याची आठवण सांगत बसू नका. ज्या डब्यावर "भात" हे पीक छापले आहे तोच घ्या आणि पावती मागा.

दिवस आणि माप जमले, तरी आपल्या मुलखात एक गोष्ट उरतेच. ती म्हणजे पाणी. तमिळनाडूच्या किंवा पंजाबच्या पुस्तकात लिहिलेले असते, औषध मारताना खाचरात थोडे पाणी ठेवा, नंतर दोन दिवस पाणी बाहेर सोडू नका, नवे घेऊ नका. तिथे पाणी कालव्याचे. चावी फिरवली की बंद. आपल्याकडे चावी वरुणराजाच्या हातात! जुलै महिन्यात सिंधुदुर्गात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नव्हे. गुंठ्यावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे दहा हजार लिटर पाणी. ते मेरेवरून वाहू लागले, तर थर धरायच्या आधीच औषध त्याच्याबरोबर निघून जाते.

पण ह्यालाही उपाय आहे, आणि तो आपल्या मेरेतच आहे. ज्या तोंडातून आपण खालच्या कोपऱ्यात पाणी सोडतो, ते तोंड चिखलापासून वीतभर उंच बांधून घ्या. औषध मारण्याच्या सकाळी पाणी कमी करून दोन बोटे राखा, अगदी कोरडे करू नका. दोन बोटे म्हणजे तीन-चार सेंटिमीटर. वीत म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटर धरली, तरी वर पंधरा सेंटिमीटरहून अधिक जागा मोकळी राहिली. पंधरा सेंटिमीटर म्हणजे १५० मिलिमीटर पाऊस. एवढा पाऊस त्या कोपऱ्याच्या डोक्यावर पडेपर्यंत थेंबही बाहेर जाणार नाही. मात्र पाणी वाढले की कोवळा तरवा बुडू नये, म्हणून तो अगदी ठेंगणा लावू नका, आणि तीन दिवसांनी तोंड पुन्हा खाली आणा.

"डोक्यावर पडेपर्यंत" असे म्हटले ते मुद्दाम. आपले कोपरे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक. वरच्याचे पाणी खाली येते, खालच्याचे त्याच्या खाली. तुम्ही तुमचे तोंड कितीही उंच बांधलेत, पण वरच्या शेजाऱ्याने त्याचे तोंड उघडले की तासाभरात तुमचा कोपरा वाहू लागतो. ह्याला औषध दुकानात मिळत नाही. वरच्या घरी जाऊन सांगावे लागते, "दादा, तीन दिवस पाणी व्हाळाकडे वळवा, माझ्याकडे सोडू नका." आणि आपणही खालच्या घरी तेवढाच निरोप द्यायचा. पाण्याच्या वाटेवरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या भांडणे चालतात, हे मला ठाऊक आहे. पण तीन दिवसांपुरता तह करायला हरकत नसावी. वाडीतल्या मंडळींनी एकाच ओळीतले कोपरे एकाच दोन दिवसांत चिखलून लावले, तर औषधाचा दिवसही एकच येतो आणि पाणी एकदाच वळवावे लागते. पूर्वी लावणीला एकमेकांकडे जायची रीत होती. ती लावणीपुरती बरीच मोडली असली, तरी पाण्यापुरती जोडायला सोपी आहे.

दुसरे म्हणजे हवामानाचा अंदाज ऐकावा. हवामान खाते "मुसळधार" म्हणते तेव्हा चोवीस तासांत साडेचौसष्ट ते साडेएकशेपंधरा मिलिमीटर पावसाची अपेक्षा असते. "अतिमुसळधार" म्हणजे त्याच्याही पुढे, दोनशे चार मिलिमीटरपर्यंत. मघाचा हिशेब आठवा. मेर चांगली बांधलेली असेल तर मुसळधार पाऊस कोपऱ्यात मावतो, अतिमुसळधार मावेलच असे नाही. तिसऱ्या दिवशी अतिमुसळधारचा इशारा असेल तर चौथ्या-पाचव्यावर जा. पाचव्या दिवशीही इशारा असेल तर औषध मारूच नका. पैसे राखून ठेवा, पुढे उपयोगी पडतील; कसे ते सांगतो.

पण त्याआधी माशांविषयी बोलले पाहिजे. पहिल्या पावसात चढणीचे मासे व्हाळातून वर मळ्यांत चढतात, मेरेच्या बिळांत कुर्ल्या असतात. आपल्या घरी जुलैच्या कालवणाला हाच आधार. ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोर ही माशांना घातक औषधे आहेत. कोपऱ्यातून वाहिलेले औषध व्हाळात, व्हाळातून नदीत आणि पुढे विजयदुर्गच्या खाडीत जाते. खारेपाटण हे शिलाहारांच्या काळापासून नांदते गाव. रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा, ताम्रपट इथलाच, हे इतिहासाच्या गुरुजींना माहीत आहे. इथे एके काळी गलबते लागत, पुढे खाडी गाळाने भरली. वरच्या मुलखातून जे वाहत येते ते शेवटी आपल्या पायाशी येते, हे ह्या गावाने सोसलेले आहे. तीन दिवस पाणी कोंडले तर पिकाचेही काम होते आणि माशांवरचे संकटही बरेच टळते. त्या तीन दिवसांत त्या कोपऱ्यातले मासे-कुर्ल्या धरू नयेत, बदके सोडू नयेत. पंप व्हाळावर धुऊ नये. धुतलेले पाणी त्याच कोपऱ्यात ओतावे.

आणखी एक. थर धरला की तो मोडू नये. नांग्या भरायच्या असतील तर औषधाच्या आधी भरा. डॉ. सावंतांच्या चारसूत्री पद्धतीने लावणी करणारे युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधे खोचतात, त्याही लावणीच्याच दिवशी खोचून घ्याव्यात. नंतर तीन-चार दिवस कोपऱ्यात पाय नको. चिखल तुडवला की खालचे बी वर येते, वरचे औषध खाली जाते.

आता जे लावणी करत नाहीत त्यांच्यासाठी. मोड आलेले बी चिखलावर फोकणे, ज्याला रहू पद्धत म्हणतात, त्यात भात आणि गवत एकाच वयाचे. मघाशी सांगितलेला वयाचा फरकच इथे नाही. साधे प्रेटिलाक्लोर मारलेत तर भातही जाईल. रहूसाठी भाताला सांभाळणारे द्रव्य मिसळलेले निराळे प्रेटिलाक्लोर मिळते. तेच, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. धूळवाफेवर पेरणाऱ्यांना पेंडिमेथालिन चालते. बी नीट मातीआड झालेले असावे, आणि पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत जमीन ओलावली की मारावे. कोरड्या धुळीवर मारलेले औषध नुसतेच पडून राहते. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी न करता गादीवाफ्यावर भात टोकण्याचे सगुणा तंत्र पुढे आणले. त्यातही पेरणीच्या मागोमागच तणनाशक लागते, कारण चिखलणीने गाडले जाणारे गवत तिथे गाडले जात नाही. आणि हो, भाताचे औषध उरले म्हणून ते वरकस जमिनीतल्या नाचणीवर मारू नका. नाचणीचे रोप निराळे, त्याला ते सोसेल असे धरून चालू नये.

नदीकाठच्या मळ्यांचे काय? खारेपाटणची बाजारपेठ पावसाळ्यात पुराचे पाणी बघते, तर मळे बघणारच. तिथे उगवणीपूर्व औषधाचा भरवसा धरू नये. अशा जमिनीत पूर ओसरल्यावर, लावणीनंतर पंधरा ते पंचवीस दिवसांत, गवत दोन ते चार पानांवर असताना बिस्पायरीबॅक सोडियम दहा टक्के, गुंठ्याला अडीच मिलिलिटर, हे उगवलेल्या तणावरचे औषध मारता येते. राखून ठेवलेले पैसे इथे खर्चायचे. ह्यासाठी उलट पाणी काढून गवताची पाने उघडी करावी लागतात, आणि फवारल्यावर चार-सहा तास उघडीप हवी. दोन-तीन दिवसांनी पाणी पुन्हा घ्यावे. हे औषध वेगळे, ह्याची वेळही वेगळी. दोहोंची गल्लत करू नका.

लव्हाळ्याविषयी लोक विचारतात. लव्हाळा जमिनीतल्या गाठींपासून फुटतो, बियांच्या थराशी त्याचे काही अडत नाही. उगवणीपूर्व औषधाने तो जाणार नाही. तो उन्हाळ्यात नांगरटीने उघडा पाडून वाळवावा, किंवा चिखलणीत वेचून काढावा. म्हणून औषध वेळेवर मारले तरी पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी एक हलकी बेणणी राहतेच. चार माणसांऐवजी एकाने होईल, इतकाच फायदा. पण ती सोडू नका. औषधातून वाचलेली चार रोपे हजारो बिया टाकतात, आणि त्यांच्यात औषध सोसणारी असतील तर पुढच्या साली तीच वाढतात. हरयाणात गव्हातल्या मंडूसी नावाच्या गवताचे असेच झाले. वर्षानुवर्षे एकच औषध, आयसोप्रोट्यूरॉन, मारले गेले आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत ते गवत त्याला जुमानेनासे झाले. शेतकऱ्यांना उभा गहू जनावरांना घालावा लागला. म्हणून दर साली तेच औषध नको, दोन-तीन सालांनी दुसऱ्या जातीचे घ्या. दापोलीचे कृषि विद्यापीठ १९७२ सालापासून आहे, आपल्या जवळ फोंडाघाटला त्यांचे संशोधन केंद्रही आहे. बदलून कोणते घ्यायचे, हे तिथे जाऊन विचारावे.

फवारताना तोंडाला रुमाल, हाताला मोजे, अंगभर कपडे. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये, मधेच विडी ओढू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीडनाशके फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली. आपली औषधे निराळी आहेत, म्हणून निष्काळजी व्हायचे कारण नाही. मोजायचे माप स्वयंपाकघरातले घेऊ नका. ज्या कोपऱ्यात आज औषध पडले तिथे उद्या कामाला येणाऱ्या बाईला ते आधी सांगा. ती अनवाणी उतरणार असते.

आता शिक्षकांना एक विनंती. जुलैमध्ये शाळेतल्या मुलांकडून एक साधा प्रयोग करवून घ्या. त्यात औषधाचा थेंबही लागत नाही. दोन पसरट घमेली घ्या. एकाच कोपऱ्यातला वरचा चिखल दोहोंत चार बोटे भरा, नीट कालवून सपाट करा. एकात चिखल नुसता ओला राखा, दुसऱ्यात तीन बोटे पाणी सतत उभे ठेवा. तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी मुलांना वर आलेले कोंब मोजू द्या. गवताचे निराळे, माक्यासारख्या रुंद पानाचे निराळे, लव्हाळ्याचे निराळे. पाणी उभे असलेल्या घमेल्यात सावा फार कमी उगवतो, हे मुले स्वतः बघतील. पाणी बांधून ठेवणाऱ्या आजोबांचे म्हणणे खरे होते हेही घरी सांगतील. आणि ओल्या घमेल्यात तिसऱ्या दिवशी किती नि आठव्या दिवशी किती, हे दोन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून ठेवा. घमेल्यावर चिखल भरल्याची तारीख खडूने लिहायला विसरू नका. पावसाळी हवेत खडू पुसतो, म्हणून वहीतही लिहा.